चोविसावा आरा

"उद्या कबाडीवाला येऊन राहिला! चारही कॉम्प्युटर उचलून नेणार!" गोलू पायलच्या घराच्या जिन्यातूनच ओरडत वर आला.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागून तीन दिवस झाले होते, पण पायलच्या कानावर अजून एकही धड बातमी आली नव्हती. सेक्टर दोनच्या बुद्ध विहाराला लागून एक खोली होती. प्लांटमधून, म्हणजे इथल्या कारखान्यातून, रिटायर झालेले रामाजी आबा तिथे मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे. दान मिळालेली जुनी यंत्रं, त्यांवर ना खेळ चालत ना सिनेमा. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा लिहायची, त्या सगळ्या आज्ञांची एक फाईल करायची, ती चालवली की कीबोर्डवरच्या चांदण्या आणि रेघांमधून कंदील उमटायचा, कधी राखी, कधी पणती! भाद्रपदात आबा अचानक गेले आणि त्यांची मशीन चालू असतानाच खोलीला कुलूप लागलं.

"पण कावून नेते? कॉम्प्युटरनं कोणाचं काय बिघडवलं?" पायलचा धाकटा भाऊ नागसेन म्हणाला.

"व्हायरस आहे म्हणते देवानंद काका! आबांच्या मशीनवर आपोआप काहीतरी उमटते. रोज एक रेघ जास्त!" गोलूने आवाज खाली आणला. "और सुन पायल, ते म्हणते का हे तूच घुसवलं."

देवानंद काका विहार कमिटीचे सेक्रेटरी. त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. आबांनी सर्वांना मिळून एक मोठं चित्र करायला दिलं होतं, प्रत्येकाकडे एकच तुकडा, आणि अख्खं चित्र कशाचं ते सांगितलं नव्हतं. पायल वैतागली होती. "मोबाईलवर दोन मिनिटात होते हे! तुमचं हे डबडं मी फोडूनच टाकीन एक दिवस!" असं सगळ्यांसमोर बोलून ती निघून गेली होती. पंधरा दिवसांनी आबा गेले. माफी मागायची राहिली ती राहिलीच, आणि ते तिला आत कुठेतरी रोज टोचत होतं.

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. "पण कोणी केलं ते शोधू. आबांची मशीन भंगारात नाही जाऊ देणार मी!"

विहार झाडणाऱ्या भीमाबाई खोलीच्या मागेच राहायच्या. मुलांनी आधी त्यांनाच गाठलं.

"घड्याळातलं मले नाही समजत, पोरी," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या शिफ्टवाले सायकली घेऊन निघाले का खिडकीत उजेड पडते. मंग दुसऱ्या शिफ्टवाले निघाले का. मंग तिसऱ्या."

"सहा, दोन, दहा!" पायल उडालीच. "व्हायरसले प्लांटची शिफ्ट कशी ठाऊक? हे प्लांटच्याच माणसाचं काम आहे!"

प्रश्न किल्लीचा होता; ती काकांकडे असायची. पण देवानंद काकांचा स्वभाव अख्ख्या सेक्टरला माहीत होता. फुकटचं श्रमदान ते कधी नाकारत नसत!

"काका, आमी खोलीची सफाई करतो ना," नागसेन गरीब चेहरा करून म्हणाला. "दसरा आहे."

"शाब्बास! पण आबाच्या मशीनले हात नका लावू. मी तिच्यावर चादर टाकून ठेवली आहे!"

"व्हायरस चादरीनं थांबते?" गोलू पुटपुटला. पायलने त्याला कोपराने ढोसलं.

खोलीत धूळ होती आणि बंद हवेचा वास. पायलने चादर काढली. बरोबर दोन वाजता काळा पडदा उजळला आणि चांदण्यांच्या रेघा उमटू लागल्या. एका बिंदूतून निघालेल्या बावीस रेघा!

पायलने वेळापत्रक दाखवणारी आज्ञा लिहिली. उत्तरात एका फाईलचं नाव आलं. तिने ती उघडली आणि वाचू लागली. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर आबांची एकेक टीप होती.

'आरा ३ — नागसेन. तिरपा आला आहे, राहू द्या.'

'आरा ११ — गोलू. दोनदा रडला, पण केला.'

"मी नाही रडलो!" गोलू म्हणाला, पण त्याचे डोळे आताही भरले होते.

सर्वांत खाली लिहिलं होतं, 'आरा २४ — पायल. जागा सोडली आहे.' त्याखाली काहीच नव्हतं.

पायल हुंदका आवरू शकली नाही. ती भांडून निघून गेली होती, आणि आबांनी तिची जागा दुसऱ्या कोणाला दिली नव्हती.

"हात लावला ना शेवटी!" दारातून देवानंद काका गरजले. "मंग, घुसवणारी तूच!"

"काका, आधी पाहा तरी!" पायलने डोळे पुसले आणि सगळे आरे एकदम काढायची आज्ञा दिली. तेवीस आऱ्यांचं चाक पडद्यावर उभं राहिलं. एकच फट उरली होती. "आबांनी लावून ठेवलं होतं. रोज एक आरा, दसऱ्याले पूर्ण व्हावं म्हणून."

काका पडद्यापाशी आले. "धम्मचक्र! जन्मभर ज्याच्यापुढं हात जोडले, तेच मले ओळखू नाही आलं! बावीस दिवस मी नुसता भ्यालो, पाहिलं नाही." त्यांनी तिथूनच कबाडीवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

एका आऱ्याच्या नऊ चांदण्या, पण पायलला त्या सरळ बसवायला दीड दिवस लागला! दसऱ्याला पहाटे, धम्मचक्र दिनासाठी नागपूरची गाडी धरायच्या आधी, सगळी मंडळी पिशव्या घेऊन खोलीत दाटली. सहा वाजले. चक्र पूर्ण झालं. भीमाबाईंनी हात जोडले.

"चुकलो मी, पोरी," काका सर्वांसमोर म्हणाले. "शाब्बास तुमची! किल्ली आता तुमच्यापाशीच राहू द्या."

पायल हसली, पण ही शाबासकी तिला ज्यांच्या तोंडून हवी होती ते आता नव्हते. मंडळी स्टेशनकडे निघाली तशी ती पुन्हा मशीनसमोर बसली. फाईल उघडून तिने 'जागा सोडली आहे' हे शब्द पुसले आणि तिथे लिहिलं, 'आरा २४ — पायल. उशिरा आली.'