बांड्या पालींचं घर

बसा ताई, दोन पडद्यांची खालची दुमड तेवढी राहिली आहे. दिवे गेले म्हणून माझं काम अडत नाही. मशीन पायाने चालतं, आणि हा कंदील टीप दिसण्यापुरता उजेड देतो. तुम्ही त्या खुर्चीवर…

अहो, अहो! पाल आहे ती. रोज संध्याकाळी मशीनच्या खोक्यावर येऊन बसते, दिव्याला आलेले किडे खाते आणि जाते. हे बघा, बोट लावलं तरी हलत नाही.

पाय वर घेऊन बसलात तरी चालेल. मी हसणार नाही. एके काळी मी तुमच्याहून वाईट होते. आमचे हे लांबच्या गाड्या चालवतात. घरी आले की चारचौघांत सांगायचे, "हिच्यासमोर वाघ आला तर ही झाडू घेऊन हाकलेल, पण पाल दिसली की पळता भुई थोडी." खोटं नव्हतं ते. एकदा एका गिऱ्हाइकाचा कोट शिवत होते आणि वरून पाल पडली, तर मी तो कोट डोक्यावर घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले. एक बाही पूर्ण उसवली. म्हणून सांगते, घाबरणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. ठाऊक होतं.

त्या वेळी आम्ही दुसऱ्या घरात राहायचो. इमारत जुनी पण धडधाकट, आणि आमच्या दोन खोल्या सगळ्यात वर. घरमालक किल्ली द्यायला आला तो जिन्यातच थांबला. "गुडघे दुखतात, तुम्हीच बघून घ्या," म्हणाला. खोल्या हवेशीर होत्या, मशीनला खिडकीजवळ जागा होती, मी लगेच हो म्हटलं. एवढे जिने चढून वर आलेला माणूस शेवटच्या चारच पायऱ्यांना का थकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझी मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिचं हसणं तुम्ही ऐकायला हवं होतं, ताई. आधी नाकातून फुर्र, मग खदखदून, आणि शेवटी न चुकता एक उचकी. ती उचकी आली की तिला आणखी हसू यायचं. जिन्यात भेटलेली खाष्ट माणसंसुद्धा ते ऐकून तोंड फिरवून हसायची. हे गाडीवर गेले की कितीतरी दिवस घरात आम्ही दोघीच असायचो, आणि तिच्या हसण्यावरच माझे दिवस निघायचे. दुसरं काही नव्हतंच हो माझ्याजवळ.

त्या घरात पाली होत्या. कोणत्या घरात नसतात? ट्यूबलाइटच्या मागे, फोटोच्या आड, स्वयंपाकघराच्या दारावर. मी डोळे मिटून दिवस ढकलत होते. भिंगरीला मात्र भीती म्हणून नाही. ती त्यांच्याशी बोलायची. एके दिवशी म्हणाली, "आई, ही पण बांडी."

"पण म्हणजे?"

"सगळ्याच. एकीलाही शेपूट नाही."

मी दाराच्या पडद्याआडून एका डोळ्याने पाहिलं. खरंच होतं. मोठ्या, छोट्या, काल अंड्यातून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या पिल्लांनाही शेपूट नव्हतं. मग माझी नजरच तशी झाली. कोपऱ्यातल्या कोळ्याला पाय कमी. मोरीतलं झुरळ मिशांशिवाय, एका जागी गोल गोल फिरत राहायचं. आणि मुंग्या… साखर सांडली की रांग लागायची, पण ओट्याखालच्या कोपऱ्याशी आली की ती रांग वळायची. तिथं काही ठेवलेलं नव्हतं. रिकामी फरशी होती. मुंग्या तिला वळसा घालून जायच्या.

आणि एक आवाज यायचा. दुपारी, गल्ली निजल्यावर. मी मशीन थांबवून सुईत दोरा ओवत असले की स्वयंपाकघरातून ऐकू यायचं… मच्, मच्. मी म्हणायची, पालच ती. पण पाल चुकचुकते आणि गप्प होते. इथं कुणीतरी सावकाश जेवत होतं. घास, मग मिटकी, मग बोट चाटल्यासारखं काहीतरी. चवीने चाललेलं असायचं. मी मोठ्याने खाकरले की थांबायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. वर्षानुवर्षं लोकांना डबे करून देत होत्या. अधूनमधून भाजीची वाटी वर पाठवायच्या, आणि त्या दिवशी मी ती वाटी परत करायला खाली गेले, एवढंच. भिंगरीला चित्र रंगवायला बसवलं होतं. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. म्हटलं, "काकू, रागावू नका, पण भाजीत मीठच नव्हतं हो."

त्या रागावल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "काका चव बघतात गं. ते परगावी गेलेत. मला कळत नाही."

"सर्दी झाली का?"

"नाही… वर राहायचो ना आम्ही, तेव्हापासून."

काकू आमच्याच खोल्यांत राहायच्या हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"लाटणं गडगडत ओट्याखाली गेलं होतं. मी हात घातला, आणि धरलं."

"हात धरला?"

"हात नाही गं… मलाच धरलं. आतून. ओढू म्हटलं तर ओढायला काही नाही. मग माझ्यातलं काहीतरी सुटलं आणि मी मागे पडले. अंगावर ओरखडासुद्धा नाही. संध्याकाळी जेवायला बसले तर तोंडात माती." त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "एक विचारू? वर दुपारी आवाज येतो का… कुणी जेवतंय असा?"

मी नाही म्हटलं. येतो म्हटलं असतं तर त्या तशाच उठून ऐकायला वर आल्या असत्या. त्यांच्या तोंडावर भूक दिसत होती, ताई. स्वतःच्याच जिभेची भूक.

मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणतात ना, तसं काही माझं झालं नाही. मला थेट ओट्याखालचा तो कोपराच दिसला. भिंगरी वर एकटी होती. मी वाटी तिथंच टाकली आणि जिना धावत चढले.

रंग खोलीत पसरलेले होते आणि ती नव्हती. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

"आई, इकडे ये! सगळ्यांच्या शेपट्या सापडल्या!"

ती पालथी पडून कंबरेपर्यंत ओट्याखाली गेली होती. बाहेर नुसता फ्रॉकचा घेर आणि पाय.

"अजून वळवळतायत गं आई…" आणि ती हसली. नाकातून फुर्र, मग खदखदून. मी दारात उभी राहून वाट बघितली.

उचकी आली नाही.

"भिंगरी?"

पाय हलत नव्हते. भिंतीवरच्या पाली एकूण एक त्या कोपऱ्याकडे तोंड करून चिकटल्या होत्या. मी त्यांच्यामधून गेले. त्या दिवशी पाली आहेत हे माझ्या ध्यानातही राहिलं नाही. मी तिचे घोटे धरले आणि ओढलं. कापड सुईखाली अडकतं ना, तसं काहीतरी अडकलं होतं. सोडायचं की ओढायचं? तुम्ही काय केलं असतं? मी ओढलं. शिवण उसवते तसा टर्र आवाज झाला आणि पोर माझ्या मांडीत आली.

कुठं लागलं नव्हतं. श्वास चालू होता. "काय झालं गं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही." डोळे स्वच्छ होते. मी तिला छातीशी धरून रडले आणि तिने शांतपणे माझी पाठ थोपटली.

दिवेलागणीच्या आत मी ते घर सोडलं. बहिणीकडे राहिलो, मग ही जागा मिळाली. सामान ह्यांनी मागाहून आणलं. "पालीला भिऊन घर सोडणारी तूच पहिली," म्हणाले. मी म्हणू दिलं. लवकरच त्यांचीही थट्टा थांबली. गाडीवरून आले की ते भिंगरीला गुदगुल्या करायचे. आता केल्या तर ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, काय करताय?" ह्यांनी हात काढून घेतला. त्या रात्री ते जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मुलं मोठी होतात, गंभीर होतात. खाते, पिते, अभ्यास करते, तक्रार कसली?

मग एकदा बाजारात काकू भेटल्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला. "भिंगरीला घेऊन वर आली होतीस का गं? दुपारी हसत होती पोर. शेवटी ती उचकी… मला इतकं बरं वाटलं ऐकून."

दुसऱ्या दिवशी मी गेले. मालकाकडून किल्ली घेतली, काहीतरी राहिलंय म्हणून सांगितलं. त्याने काय राहिलं विचारलंही नाही. हसू आणायला काय न्यायचं असतं, मला काय माहीत? मी तिचा त्या दिवशीचा फ्रॉक नेला होता. ओट्यापुढे गुडघे टेकले, फ्रॉक आत धरला आणि लहानपणी उठवायची तशी हाक मारली, "भिंगरी, चल, उशीर झाला."

अंधारातून ती हसली. तेच फुर्र. तेच खदखदून. आणि ताई, ती उचकी! मी आनंदाने रडायला लागले. वाटलं, एवढं जवळ आहे, हात लांब केला की मिळेल. मी खांद्यापर्यंत हात घातला.

हसणं थांबलं.

काकूंनी सांगितलं होतं तसंच. हाताला काही नाही, आणि धरलेलं मात्र आतून. अशी भीती वाटली की दात वाजत होते. मी मनात म्हटलं, काय हवं ते घे, पण मला सोड, माझी मुलगी घरी वाट बघते आहे.

मग मी जिन्यात होते. हातात रिकामा फ्रॉक. दाराच्या चौकटीवरून एक पाल सुटून माझ्या मानेवर पडली. दोऱ्याचा तुकडा झटकावा तशी मी ती झटकली आणि उतरू लागले. काही पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं की मी किंचाळले नाही.

तेव्हापासून मला भीती वाटत नाही. लोकांना वाटतं, बरंच झालं की! बरं नाही हो. परवा भिंगरी येणाऱ्या गाडीसमोरून रस्ता ओलांडून गेली. शेजारीण ओरडली. मी हातातली भाजी निवडत उभी होते. काळजात धस्स व्हायला काळजात काहीतरी असावं लागतं. आता रस्त्यावर तिचा हात धरायचा, विस्तवाजवळ जाऊ द्यायचं नाही, हे सगळं मी पाठ करून ठेवलं आहे. पण जे पाठ केलेलं नाही, ते आलं तर? तेव्हा मला कोण सांगणार की आता ओढ?

झालंच बघा, एवढी टीप मारली की दोरा तोडते.

पालीचं शेपूट पुन्हा येतं, तुम्ही पाहिलं असेल. पण पहिल्यासारखं नाही. आखूड येतं, बोथट, रंगाला वेगळं. गेल्या आठवड्यापासून भिंगरी पुन्हा हसते. ह्यांनी ते फोनवर ऐकलं. मग म्हणाले, "दुसरं कुणी आलंय का घरी?" त्यात फुर्र नाही, उचकी नाही. मधूनच सुरू होतं आणि मधूनच तुटतं. आणि गमतीच्या गोष्टीला ती हसत नाही. कुणी घरातून निघालं की हसते.

…ऐकलंत? आतल्या खोलीत आहे ती. तुम्ही पिशवी उचललीत ना, म्हणून.

तुमच्या हातावर काटा आला आहे. मी तोच बघत होते. गिऱ्हाइकांना मी मुद्दाम इथं बसवते आणि ती हसली की त्यांचे हात बघते. सगळ्यांच्याच हातावर काटा येतो. मग मला कळतं की आपल्यालाही यायला हवा होता. ती माझी मुलगी आहे, ताई, तिला सोडून मी जाणार कुठं? घास भरवते, केस विंचरते, कुशीत घेऊन झोपते. कुशीत काय आहे, ते मात्र मला कळत नाही.

घ्या, हे तुमचे पडदे. पालीच्या बाजूने जाऊ नका, ती आता पळेल. हसणं ऐकलं की पळते. बघा, गेली. दिसलं का? परवापर्यंत तिला चांगलं लांब शेपूट होतं.

सावकाश उतरा, जिन्यात अंधार आहे. आणि एकदा नीट बघून घ्या, ताई… काही राहिलं नाही ना तुमचं इथं?