पेडलवरचा पाय

ब्रेकचं काम एकट्यानं होत नाही. पॅड, लायनर एकट्याला बदलता येतात. पण शेवटी पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक जण सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी आडवा होऊन तेलाचा निपल सैल करतो. खालचा म्हणतो, ‘दाब.’ वरचा दाबून ठेवतो आणि म्हणतो, ‘धरलं.’ हवा निघून गेली की निपल आवळायचा आणि म्हणायचं, ‘सोड.’ खालच्याला वरचा माणूस दिसत नाही. सगळं आवाजावर चालतं.

माझं गॅरेज पांढरकवड्यात, हायवेपासून जरा आत. आठ वर्षं पेडलवर पाय असायचा तो जयाचा, माझ्या बायकोचा. हाक मारली की हातातली भाकर तशीच टाकून यायची. चप्पल काढून बसायची. अनवाणी पायाला पेडल नीट कळतं, असं तिचं म्हणणं.

ती जाऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मे महिना होता. सकाळी वामनराव त्यांची जुनी छोटी गाडी घेऊन आले. सोळा वर्षांची गाडी. त्यांच्या मुलीला, सलोनीला, घाटंजीच्या शाळेत नोकरी लागली होती आणि ती रोज गाडीनं जाणार होती.

“पोरगी रोज त्या रस्त्यानं जाईन,” वामनराव म्हणाले. “ब्रेकचं सारं नवीन टाक, राजकुमार. संध्याकाळी येतो.”

ते गेले. मी सीटवर बसून पेडल दाबलं आणि दाबून ठेवलं. ते लोण्यात बोट जावं तसं हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकलं. ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं. मी पाय काढला.

आमच्या स्वतःच्या गाडीतही नेमकं हेच झालं होतं. जयानं मला तीनदा सांगितलं होतं. शेवटचं तर अगदी काकुळतीनं म्हणाली, “पेडल मऊ लागून राह्यलं जी. एकदा पाहा न.” मी लोकांच्या गाड्यांत बुडालेलो. म्हणालो, पेडलला दोन पंप मार, ब्रेक धरते. दुसऱ्या दिवशी ती तिच्या आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून घाटंजीकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर निघाली. उतारावर बकऱ्या आडव्या आल्या. पुलाला कठडा नव्हता. गाडी नाल्यात गेली.

मी पोचलो तेव्हा तिला बाहेर काढलेलं होतं. मी गाडीत वाकून पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं आणि तिची एक चप्पल त्याच्याखाली अडकली होती. त्या दिवशी घाईत तिनं चप्पल काढली नव्हती. पोलीस जमादारानं विचारलं, ब्रेक कसे होते. मी म्हणालो, “ब्रेक मीच पाहतो, साहेब. चांगले होते. घाबरून अॅक्सिलेटरवर पाय पडला असंन.”

जयाची आई, हंसाबाई, माझ्या मागं उभी होती. तिनं ते ऐकलं. पुढं सगळ्या तांड्यानं तेच म्हटलं, बाईच्या हाती गाडी कायले द्यायची. जयाची धाकटी बहीण पुष्पा गाडी शिकत होती, ते हंसाबाईनं बंद केलं. आणि मला भेटली की म्हातारी एकच बोलायची, मीच बोलावलं तिले. मी ऐकून घ्यायचो आणि गप्प बसायचो.

तर वामनरावांची गाडी आली त्या दिवशी. तीन वाजेपर्यंत पॅड, लायनर, सिलिंडर सगळं बसवून झालं. हवा काढायची राहिली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. शेजारचा पंक्चरवाला दुकान बंद करून झोपायला गेलेला. एकट्यानं करायची एक रीत असते, निपलला नळी लावून ती तेलाच्या बाटलीत बुडवायची आणि उठून आपणच पेडल मारायचं. मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो, नळी लावली, निपल सैल केला. आणि सवयीनं तोंडातून गेलं, “दाब.”

बाटलीत बुडबुडे आले.

आत उरलेला दाब असेल, असं मी मनाला सांगितलं. निपल आवळून उठलो आणि पाहिलं. सीट रिकामी. त्यावर उन्हाचा चौकोन पडलेला.

मागच्या उजव्या चाकाशी गेलो. या वेळी मी काही बोललो नाही. नुसता पडून राहिलो. पत्रे तापून टणटण वाजत होते. मग तेही थांबलं. आणि गाडी जरा खाली बसली. सीटवर माणूस बसलं की बसते, तितकीच.

“दाब...” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“धरलं.”

हळू आवाज होता. शांत. कामात असायचा तसा.

तुम्ही म्हणाल, पळाला का नाहीस. भीती वाटली, खूप वाटली. पण भीतीपेक्षा लाज जड होती. हात काम करत राहिले. निपल उघडला, आवळला. “सोड,” म्हणालो. पेडल वर आल्याचा आवाज आला. पुढच्या डाव्या चाकाशी सरपटतच गेलो. तिथं तेलाच्या वासात दुसरा वास मिसळला होता. ओल्या चिखलाचा, कुजलेल्या पाल्याचा. मे महिन्यात, जेव्हा मैलभर कुठं ओल नव्हती.

शेवटचं चाक पुढचं उजवं, ड्रायव्हरच्या बाजूचं. दार उघडं होतं, माझ्या डोक्यापासून हातभर. मान वळवली असती तर पेडल दिसलं असतं. मी निपलवरून नजर हलवली नाही.

“दाब...”

“धरलं.”

उघडला. स्वच्छ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. आवळला.

“सोड.”

काही आवाज आला नाही.

“जया... सोड.”

नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. मी तिथंच, चाकाला कपाळ टेकवून बोललो. “ब्रेक खराब होते. मले माहीत होतं. मी खोटं सांगतलं.”

पेडल हललं नाही. आणि मला कळलं, की हे तिला आधीपासूनच माहीत होतं. सांगायचं होतं ते दुसऱ्याला.

मी खिशातून फोन काढला आणि हंसाबाईला लावला. “याडी,” म्हणालो, तिला मी आईसारखी हाक मारायचो, “जयाची चूक नव्हती. तुही बी नव्हती. तिनं ब्रेकच दाबला होता. ब्रेक लागला नाही. माह्या कामचुकारपणानं लागला नाही.”

फोनवर तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. तेवढ्यात इकडं माझ्या डोक्याजवळ पेडल सावकाश वर आलं, आणि गाडी हलकी होऊन जराशी उचलली गेली.

मग हंसाबाई बोलली. “हे तांड्यात येऊन सांग. साऱ्यांसमोर.”

मी गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो. तांड्याच्या नाईकाच्या ओट्यापुढं उभा राहून सांगितलं, नंतर पोलिसांतही लिहून दिलं. जयाचे भाऊ माझ्या अंगावर आले नाहीत, ते आले असते तर बरं झालं असतं. पुष्पा पुन्हा गाडी शिकायला लागली. हंसाबाई माझ्याशी बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मलाही म्हणवत नाही. गावात कळल्यावर बऱ्याच गिऱ्हाइकांनी ब्रेकचं काम माझ्याकडं देणं सोडलं. बरोबर केलं त्यांनी.

सलोनी मात्र येते. मागच्या दिवाळीत सर्व्हिसिंगला आली होती. मी ब्रेकबद्दल विचारलं. ती म्हणाली,

“चांगले हायेत, काका. पण एक विचारू? उतारावर मी ब्रेक दाबायले पाय उचलते, तर पेडल आधीच खाली गेलेलं असते. माह्या पायाच्या आधी.”

मी चारही चाकं उघडली. पाइप पाहिले, सिलिंडर पाहिलं, पेडलची स्प्रिंग काढून पुन्हा लावली. कुठं काही नव्हतं. मी म्हणालो, गाडी दोन दिवस ठेवून जा.

“राहू द्या,” ती चावी घेत म्हणाली. “आता मी उतारावर पाय बाजूलाच ठेवते. मधात येत नाही.”