ऐकू आलं तर बटण दाबा

"मला हसणं नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला, आणि कान तपासणाऱ्या मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

नऊ वर्षांच्या नोकरीत तिनं नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या होत्या. कुणाला दाराची बेल ऐकू येत नाही, कुणाच्या कानात दिवसभर शिट्टी वाजते, कुणाला सगळ्या जगाचं ऐकू येतं पण सुनेचं तेवढं येत नाही. पण हसणं?

"कुणाचं हसणं?"

"लोकांचं. पूर्वी चांगलं मोठं यायचं. हल्ली… हल्ली लांबून आल्यासारखं वाटतं."

"तुम्ही करता काय?"

तो खुर्चीत आणखी अंग चोरून बसला. "माणसं हसवतो."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसावर कोण विश्वास ठेवेल? साधा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. गुडघे जुळवलेले, हात त्यांच्यावर. बघणाऱ्याला वाटावं, स्वारी एखाद्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालत असणार.

"मग एखादा विनोद सांगा बघू."

"इथे?" त्यानं स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. "कोट घरी आहे."

तिला हसू फुटत होतं, पण तिनं ते गिळलं. या धंद्यातला तिचा पहिला नियमच तो होता. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर हसायचं नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच हसतायत. नऊ वर्षं हसू गिळून गिळून तिला त्याची सवयच झाली होती. घरीसुद्धा ती ओठ मिटून हसायची.

तिनं त्याला आवाजबंद खोलीत बसवलं. खोली कसली, कपाटच ते. आत एक खुर्ची, समोर काच, काचेपलीकडे हिचं टेबल. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

"आवाज ऐकू आला की दाबायचं. माझ्या टेबलावर दिवा लागतो."

"आणि नाही आला तर?"

"तर गप्प बसायचं. जमेल ना?"

"मला तेवढंच जमतं," तो म्हणाला. आणि हा विनोद नव्हता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या तपासणीत लोक लबाडी करतात. ड्रायव्हरची नोकरी हवी असलेला माणूस न ऐकताच बटण दाबत सुटतो. म्हणून ती मधूनमधून काहीच आवाज सोडायची नाही. नुसती शांतता. त्या शांततेत ज्यांचा दिवा लागायचा ते सापडायचे. कागदावर त्यासाठी रकाना होता, खोटे दाब. त्यातून कुणी सुटत नसे. शाळेच्या एका कडक मुख्याध्यापिकाबाईंचेसुद्धा चार निघाले होते.

याचे निघाले शून्य. बावीस मिनिटं तो डोळे मिटून बसला होता, दारात कुणाची तरी पावलं वाजण्याची वाट बघत असल्यासारखा. त्याच्या पापण्या फार लांब होत्या. हे कागदावर लिहायचं नसतं, पण दिसायचं ते दिसतंच.

"तुमचे कान दहा वर्षांच्या पोराचे आहेत," तिनं निकाल सांगितला.

"मग हसणं?"

"मग लोकच कमी हसत असतील."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण तो शांतपणे मान डोलावत होता. "वाटलंच होतं मला. तरी खात्री करून घेतलेली बरी. उगाच लोकांवर आळ नको."

या एका वाक्यावर ती भाळली. मान्य ती पुढे कधी करणार नाही, पण भाळली ती तिथेच.

"तुमच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग असेल ना? आणा. हसणं मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे."

असे ते गुरुवार सुरू झाले. जेवणाच्या सुट्टीत तो यायचा. काउंटरवरच्या मावशी त्याच्यासाठी चहा सांगायच्या आणि डबा खाता खाता काचेतून आत बघत बसायच्या. रेकॉर्डिंग तो आणायचा खरा, पण त्यातलं स्वतःचं बोलणं सगळं कापून. शिल्लक नुसतं हसणं.

"तुमचं बोलणं का काढून टाकता?"

"मला माझा तो आवाज… तुमच्यासमोर नको वाटतो."

मग दोघं शेजारी बसून अनोळखी माणसांची हसणी ऐकायची. ती डोळे मिटून सांगायची, "हे गृहस्थ नाकानं हसतात. सर्दी आहे. ही बाई बघा, सगळ्यांच्या मागून हसते. आधी नवऱ्याकडे बघत असणार, हसायचं का म्हणून. आणि हे मागचे तिघं खोटं हसतायत."

"खोटं कसं?"

"खरं हसताना श्वास संपतो. यांचा संपत नाहीये."

तो तिच्याकडे बघत राहायचा. "आणि तुम्ही? तुम्ही कशा हसता?"

"कामाच्या वेळी हसत नाही मी."

"मग… सुट्टीच्या दिवशी येऊ का?"

तिनं यंत्राकडे बघितलं. यंत्रात बघण्यासारखं काहीही नव्हतं. "या रविवारी नाही. पुढच्याचं विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि बाहेर मावशींनी डब्याचं झाकण उगाचच दणकन लावलं.

पण त्या रविवारच्या आधी गुरुवार आला, आणि त्या गुरुवारी आले बाबा.

बाबा म्हणजे तिचे वडील. महिन्यातून एकदा कानातल्या यंत्राचा सेल बदलायला यायचे. आई गेल्यावर घरात त्यांना दोनच करमणुकी उरल्या होत्या, लेकीला छळणं आणि मोबाइलवर विनोदी कार्यक्रम बघणं. ते दार ढकलून आत आले, त्याला बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, नवरोबा! तुम्ही इथे? बायको काय म्हणते?"

आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तो माणूस बदलला. खांदे वर गेले, मान आत गेली, डोळे बटाट्याएवढे झाले. आवाज दोन पट्ट्या वर चढला.

"काका, हळू बोला. तिला इथलं ऐकू जातं. काल मी मनातल्या मनात 'नको' म्हटलं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, 'का नको?'"

बाबा पोट धरून हसायला लागले. "आणि सासूबाई?"

"त्या दोन दिवसांसाठी आल्यात. गेल्या वर्षी."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि ती हातात तपासणीचा कागद धरून उभी. बायको. सासूबाई. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, काहीतरी सांगायला निघाला… पण बाबांनी विचारलं, "आणि तो लाटण्याचा प्रसंग?" आणि पुन्हा त्याची मान आपोआप आत गेली. दाद देणारा माणूस समोर असला की त्याच्या अंगात नवरोबा शिरायचा. पंधरा वर्षांची सवय. थांबवता थांबत नव्हती.

"पुढच्या गुरुवारी मला वेळ नाही," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याही."

त्या संध्याकाळी घरी बाबांनी मुद्दाम त्याचा कार्यक्रम लावला. पिवळाधमक कोट, आणि पहिलंच वाक्य, "मंडळी, मला बायको नाही." मग मोठा विराम. मग बारीक आवाजात, "असं अधूनमधून म्हणून बघतो. बरं वाटतं." सभागृह हसून कोसळलं. ती मात्र उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "ऐका ना… मला बायको नाही."

"पुढे थांबायचं असतं ना? हशा येईपर्यंत?"

"अहो, खरंच. ती बायको मी बनवलेली आहे. सासूही. देवाशपथ सांगतो—"

"शपथांवर तर तुमची अख्खी पाच मिनिटं आहेत. बाबांनी दाखवली."

बिचाऱ्याची पंचाईत बघा. आयुष्यात सगळ्यात खरं असं जे वाक्य बोलायचं होतं, ते त्यानं स्वतःच हजारदा बोलून वापरून टाकलं होतं. त्यावर हशा घेतला होता, टाळ्या घेतल्या होत्या. आता त्याच्याकडे कोरं असं वाक्यच उरलं नव्हतं.

"अगं, इंटरनेटवर बघ की," मावशी म्हणाल्या. तिनं बघितलं. तिथे चाहत्यांनी बायकोला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, सलग तीन वर्षं, तीन वेगळ्या तारखांना.

"यावरून काय समजायचं?" तिनं विचारलं.

"तुला तो आवडलाय, एवढं समजतं," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आवडला होता, त्यात काय लपवायचं. पण ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याच्यावर जीव कसा टाकायचा? बाबांसमोर तो नवरोबा, तिच्यासमोर गरीब गाय. उद्या तिसऱ्याच कुणासमोर तिसरा. आणि समजा, खरंच बायको नसेल, तर ती जागा रिकामी आहे. म्हणजे आज ना उद्या त्या पिवळ्या कोटाच्या शेजारी हिचीच खुर्ची मांडली जाणार, आणि हजार माणसं तिच्या सवयींना हसणार. आतापर्यंत ती कुणाला हसली नव्हती. तिला कुणी हसलेलं तिला चालणार नव्हतं.

दोन गुरुवार कोरडे गेले. तिसऱ्या आठवड्यात फायली लावताना त्याचा कागद हाती आला. डावा कान उत्तम, उजवा कान उत्तम. आणि खाली, खोटे दाब : शून्य.

तिनं तो आकडा पुन्हा वाचला. मुख्याध्यापिकाबाईंचे चार, एका वकिलाचे सात, तिचे स्वतःचे शिकताना दोन. आणि बावीस मिनिटं, समोर कुणी दाद द्यायला नाही, तोंड उघडायची सोय नाही, तर या माणसाचं शून्य.

"मावशी," ती म्हणाली, "नवरोबांना फोन लावा. कानांची फेरतपासणी आहे म्हणावं."

"दहा वर्षांच्या पोराचे कान ना त्याचे?"

"लावा हो तुम्ही."

तो धावतपळत आला. शर्टाचं वरचं बटण चुकून दुसऱ्या काजात गेलं होतं. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तशी तिनं बोट ओठांवर ठेवलं, खोलीचं दार उघडलं आणि त्याच्या हातात बटण दिलं.

काचेपलीकडे जाऊन ती माइकवर बोलायला लागली.

"आज शिट्टी नाही. मी विचारीन. हो असेल तर दाबायचं. नसेल तर गप्प बसायचं. बोलायचं नाही."

दिवा लागला. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"घरी आई आहे?" दिवा. "आई खूप बोलते?" दिवा, लागोपाठ तीनदा. तिनं ओठ मिटून घेतले.

"लग्न झालंय?"

शांतता. दिव्याकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले. दिवा लागला नाही.

"आधी कधी झालं होतं?" नाही.

"तो पिवळ्या कोटातला माणूस तुम्हीच का?"

दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, विझला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. हे त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि तेही त्यानं खरंखरंच दाबलं होतं.

मध्येच तिनं माइक चालू ठेवला आणि काहीच विचारलं नाही. अर्धं मिनिट. नेहमीची युक्ती. दिवा लागला नाही.

"मला स्टेजवर न्याल? माझं बोलणं, माझ्या सवयी, माझे बाबा?"

दिवा लागला नाही. ती आणखी थांबली. तरी नाही.

"ती बायको मात्र राहू दे हं," ती म्हणाली. "बाबा तिच्यामुळे हसतात. आई गेल्यापासून तेवढंच हसतात."

दिवा हळूच लागला आणि विझला.

मग तिनं आवाजाची चकती खाली खाली फिरवत नेली. चाळीस, वीस, दहा. पाच डेसिबलवर आणून ठेवली. तिथलं बोलणं मोठ्या माणसांना सहसा ऐकू येत नाही. तोंड माइकजवळ नेऊन ती, जेमतेम स्वतःला ऐकू येईल असं, म्हणाली, "तू मला आवडतोस."

दिवा लागला.

लागला तो लागलाच. ती बघत राहिली. तो विझेना.

"ऐकू आलं एकदा. सोडा आता बटण."

सोडलं नाही. डोळे मिटलेले, दोन्ही अंगठे बटणावर, आणि दहा वर्षांच्या पोरासारखे कान लालबुंद. तपासणीच्या यंत्रानं कंटाळून टीं टीं करायला सुरुवात केली. बाहेर मावशी दार वाजवत होत्या. "अगं, पुढचे आजोबा कधीचे थांबलेत." आणि आजोबा म्हणत होते, "मला म्हणालात का काही?"

आणि तिला हसू आलं. नेहमीसारखं ओठांत मावलं नाही. नऊ वर्षांचं साठलेलं हसू एकदम बाहेर पडलं. मोठ्यानं, नाकातून, श्वास संपेपर्यंत. माइक चालूच होता.

काचेपलीकडे त्यानं डोळे उघडले. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले, आणि बटण खाली पडलं.

"हे…" तो म्हणाला, त्याच्या साध्या आवाजात, मान सरळ ठेवून. "हे मला अगदी जवळून ऐकू आलं."