तीनशे बारा सम आकडे

"माझा प्रबंध बनावट ठरवलाय," विद्यार्थिनी म्हणाली आणि तिने रक्तदाबाच्या नोंदींची चळत वहिनींसमोर ठेवली.

सांख्यिकीच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर वहिनींनी खाजगी तपासाचे काम धरले होते. धाकटे दीर, भावोजी, टिपणे घेत. विद्यार्थिनीचा विषय होता, घरोघरी फिरणाऱ्या परिचारिकांना दिलेल्या स्वयंचलित यंत्रांचा उपयोग. एका परिचारिकेच्या तीनशे बारा नोंदींत एकही विषम आकडा नव्हता. यंत्र तर सम-विषम दोन्ही दाखवते. सोमवारपर्यंत विद्यापीठाच्या समितीकडे खुलासा न गेल्यास पदवी जाणार होती.

"यात काहीतरी विषम आहे," भावोजी गंभीरपणे म्हणाले.

"काहीच विषम नाही, भावोजी. तेच तर दुखणं आहे."

आरोग्य केंद्रातल्या कारकुनाने सांगितले की परिचारिका मोबाईलवर आकडे भरते आणि नंतर ते कुणालाच बदलता येत नाहीत. त्याने बदलायचा प्रयत्न करूनही दाखवला. यंत्र पुरवणाऱ्या अभियंत्याने यंत्र निर्दोष असल्याची ग्वाही दिली. परिचारिकेने आपल्या खोलीत त्यांना पाणी दिले, यंत्राची तारीफ केली आणि ते पिशवीतून काढून दाखवले. पडद्यावर नवेपणीची पारदर्शक पट्टी तशीच होती. शेजारी पडलेल्या स्टेथोस्कोपच्या नळीला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती.

"किती जपून ठेवलंय यंत्र," भावोजींनी लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्याच खोलीत परिचारिकेला आणि विद्यार्थिनीला समोरासमोर बसवले.

"खोटे आकडे रचणारा माणूस विषम आकडे मुद्दाम पेरतो," त्या म्हणाल्या. "हाताने फुगवायच्या जुन्या दाबमापकाच्या तबकडीवरच्या रेघा मात्र दोन-दोनच्या अंतराने असतात. कानाने ऐकून मोजणारा सम आकडाच लिहितो. नळी झिजली, यंत्र कोरं राहिलं. आकडे खरे आहेत, बाई. 'यंत्राने मोजले' एवढंच खोटं आहे."

परिचारिकेने यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा काढून समोर ठेवला.

"पट्टा आखूड आहे. जाड दंडाला लावला की दाब उगाच जास्त दाखवतो. केंद्रात दोनदा कळवलं. आणि यंत्राशिवाय मोजलं म्हणून भरलं, तर ती घरभेटच धरत नाहीत."

विद्यार्थिनीने पेन खाली ठेवले. "हे लिहिलं तर तुमची नोकरी जाईल."

"नाही लिहिलंस तर तुझी पदवी," परिचारिका म्हणाली. "लिही. पण आकडे खरे होते, हे आधी लिही."

सोमवारी खुलासा गेला आणि समितीने तो मान्य केला. पहिले वाक्य होते, 'या नोंदी खऱ्या आहेत.' परिचारिकेचे नाव त्यात कुठेच नव्हते. पट्ट्याची लांबी मात्र होती.