श्वान कुणाचे, हे श्वानच सांगेल

सुज्ञ वाचकहो, मी आता आपणांपुढे जी कथा सादर करणार आहे, ती अद्याप कोठेही घडलेली नाही. परंतु विज्ञानाची आजची गती अवलोकन करता ती पुढेमागे घडणारच नाही, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. ही कथा एका न्यायी यंत्राची व एका मातेची आहे. कोमल अंतःकरणाच्या वाचकांनी मन घट्ट करून पुढील मजकुरात प्रवेश करावा, ही विनंती.

तांबरवेल नगरपालिकेच्या श्वान-प्रयोगशाळेत त्या सकाळी एक तांबूस रंगाचे कुत्रे मेजावर बांधलेले होते. त्याच्या मस्तकावर तारांची टोपी होती आणि तोंडाला मुसके होते. समोर नगराध्यक्षा नलिनीताई खोपडे उभ्या होत्या. आदल्या दिवशी याच कुत्र्याने त्यांच्या एकुलत्या एक कन्येच्या, नऊ वर्षांच्या ऋजुताच्या, मनगटाचा लचका तोडला होता. ऋजुता इस्पितळात होती. "पाण्याच्या जुन्या टाकीमागं चावलं," एवढेच ती बोलली होती.

"डॉक्टर, याचा मालक आज मला पाहिजे," नलिनीताई म्हणाल्या. "लेकरावर कुत्रं सोडून घरात चहा पीत बसला असेल मेला."

डॉक्टर पुष्कराज तेंडोलकर हे यंत्राचे जनक. त्यांनी मान डोलावली व यंत्र सुरू केले.

येथे यंत्राची माहिती देणे आवश्यक आहे. तांबरवेलीत पूर्वापार अशी रीत होती की, दारात आलेल्या कुत्र्यास रोज भाकरी घालावयाची, रात्रीची राखण त्याच्याकडून करवून घ्यावयाची, परंतु तेच कुत्रे कुणास चावले की हात झटकून म्हणावयाचे, "आमचं नाही बुवा, असंच येतं." त्यामुळे पट्टा, मुसके, लस, विष्ठा उचलणे, हे पालिकेचे सर्व नियम निष्फळ ठरत. नियम होते, पण ते लावावयाचे कुणाला? त्यावर डॉक्टरांनी 'स्वामिबोधमापक' निर्माण केला.

"पुन्हा एकदा समजावून सांगा," ताई म्हणाल्या, "म्हणजे सभेत त्या लाडाच्या तोंडावर फेकता येईल." दत्तोबा लाड हे विरोधी पक्षाचे नेते.

"सोपं आहे, ताई. कुत्र्याच्या मेंदूत एकाच माणसाच्या वासाला जागा असते. तो वास आला की तिथं ठिणगी पडते आणि पडद्यावरची रेघ शिखर गाठते. बाकी कुणीही येवो, रेघ सपाट. जेवण कोण घालतं, साखळी कुणाच्या हातात आहे, याला महत्त्व नाही. त्यानं मनानं कुणाला धनी मानलं आहे, ते यंत्र वाचतं. माणूस नाकबूल होईल, कुत्रं होत नाही."

पालिकेने बारा वर्षांवरील प्रत्येक नागरिकाच्या काखेतील वासाची गंधपट्टी जमा करून ठेवली होती. ज्याच्या पट्टीला ठिणगी पडे तो स्वामी, आणि श्वानाने जे केले ते स्वामीनेच केले असे समजण्यात येई. कुत्र्याने माणसास चावा घेतल्यास स्वामी व श्वान या दोघांची रवानगी गावाबाहेरील बंद पडलेल्या दगडखाणीतील वस्तीत होई, तीही आजन्म. हा नियम नलिनीताईंनीच करून घेतला होता. श्रीमंत लोक आपला गुन्हा गड्यांच्या माथी मारू लागले, तेव्हा त्यांनी आणखी एक कलम घातले की, एकाचे दायित्व दुसऱ्याने घेता कामा नये.

त्या कलमांचा पहिला तडाखा सेवानिवृत्त ग्रंथपाल गजानन सोनटक्के यांना बसला. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीने दूधवाल्याची पोटरी धरली होती. त्यांच्या पत्नी मंगलाबाई नलिनीताईंच्या पायाशी बसून म्हणाल्या होत्या, "बाईसाहेब, मलाही त्यांच्याबरोबर जाऊ द्या. त्यांना रात्रीचं दिसत नाही हो."

"नातेवाईक बरोबर गेले तर ती शिक्षा कसली? ती तर सहल झाली," असे उत्तर देऊन ताईंनी लगोलग ठराव केला की, स्वतःच्या चावऱ्या श्वानाशिवाय कुणासही खाणवस्तीत प्रवेश नाही. सभेने बाके वाजविली होती.

असो. यंत्राने गावातील सर्व गंधपट्ट्या कुत्र्यास हुंगविल्या. रेघ सपाट राहिली. ताई संतापून पुढे सरसावल्या आणि मेजावर हात आपटून म्हणाल्या, "सांग ना रे, कुणाचा आहेस तू?"

त्याच क्षणी रेघ उठली. शिखरापर्यंत गेली नाही, निम्म्यावर थरथरत राहिली. कुत्र्याची शेपटी हलू लागली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दारात लाड उभे होते, ते मोठ्याने हसले.

"वा, नलिनीताई! गावभर मालक शोधत फिरलात आणि धनीण तुम्हीच?"

"तोंड सांभाळा, लाडसाहेब! कुत्र्याच्या केसाला हात लावत नाही मी."

"मग शेपूट कुणाला हलवतंय? मला तर नाही."

लाड निघून गेल्यावर डॉक्टरांनी दार लावले. "ताई, पूर्ण ठिणगी नाही, म्हणजे धनी तुम्ही नाही. वास तुमच्या अंगाचा नाही, तुमच्या पदराला लागलेला आहे. तुमच्या निकटच्या कुणाचा तरी." त्यांनी यंत्र बंद केले. "माझं ऐका. मालक सापडला नाही, असा शेरा मारतो. कुत्रं बेवारशी म्हणून कोंडवाड्यात जाईल. इथंच थांबू."

"म्हणजे लाड जन्मभर मला धनीण म्हणून चिडवणार! आमच्या स्वयंपाकीणबाईच हव्यात. पोळ्या कमी पडतात रोज, मला संशय होताच. पट्टी दुसऱ्याच कुणाची तरी दिली असेल त्यांनी. घरातल्या सगळ्यांना आणते. कुणाला सूट नको."

"बारा वर्षांखालच्यांची पट्टी आपण घेत नाही."

"आज सभेत तेही कलम काढून टाकते. उद्या कुणी म्हणायला नको, की खोपडेबाईंनी घरातलं माणूस लपवलं."

"ताई, चावणारं कुत्रं आपल्या धन्यालाही चावू शकतं. दुखऱ्या जागी हात लागला की..."

परंतु ताईंचे लक्ष तिकडे नव्हते. त्या लुगड्याचा पदर झटकीत बाहेर पडल्या होत्या.

सायंकाळी ठराव संमत झाला. लाडांनीही हात वर केला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत लाडांच्या समक्ष खोपड्यांच्या घरातील मंडळी रांगेने उभी राहिली. स्वयंपाकीणबाई रडत पुढे झाल्या; रेघ सपाट. वाहनचालक, सपाट. शेवटी हाताला मलमपट्टी बांधलेली ऋजुता आत आली.

यंत्राला गंधपट्टीची गरजच उरली नाही. रेघ शिखरावर गेली आणि पडद्याबाहेर निघाली. कुत्रे साखळीला हिसके देत, मुसक्यातून कण्हत, तिच्याकडे झेपावू लागले.

"गुळ्या!" ऋजुता ओरडली आणि मग आईकडे पाहून तिने जीभ चावली. "आई, रागावू नको. त्याच्या पायात तार रुतली होती. मी ओढली, त्याला दुखलं, म्हणून चावला. मुद्दाम नाही. पोळ्या मीच घेत होते."

नलिनीताई भिंतीला टेकल्या होत्या. मग त्या एकदम पुढे आल्या.

"कुत्रं माझं आहे. लिहा, डॉक्टर. माझ्यासाठीही रेघ उठली होती, लाडसाहेबांनी पाहिली आहे. मीच पाळलं ते."

आजवर त्या प्रयोगशाळेत असत्य बोलणारे सर्व "आमचं नाही" असेच बोलले होते. "माझं आहे" असे असत्य बोलणारी व्यक्ती यंत्राने प्रथमच पाहिली. परंतु यंत्रास दोन्ही सारखेच.

"एकाचं दायित्व दुसऱ्यानं घेता कामा नये," लाड हळू आवाजात म्हणाले. आज ते हसत नव्हते. "कलम तुमचंच आहे, बाई. वयाची सूटही कालच गेली."

ऋजुताला यातले काहीच कळले नाही. तिने डॉक्टरांची बाही ओढली. "काका, म्हणजे गुळ्या खरंच माझा आहे? मशीननं सांगितलं?"

"हो, बाळ," डॉक्टर म्हणाले. "तुझाच आहे."

ती इतकी आनंदली की, खाणवस्तीच्या फाटकापर्यंत ती उड्या मारीत गेली. फाटक बंद झाल्यावर आई अलीकडेच राहिली आहे हे तिच्या ध्यानी आले. तेव्हा तिने फोडलेला टाहो नदीपलीकडच्या वस्तीतही ऐकू गेला असे सांगतात.

वयाची सूट काढणारा ठराव मागे घेण्यासाठी नलिनीताईंनी सभा बोलाविली. सभासदांपैकी प्रत्येकाच्या ओळखीचे कुणी ना कुणी कसलीही सूट न मिळता खाणीत गेलेले होते. एकही हात वर झाला नाही.

आता ताईंपुढे एकच मार्ग उरला. स्वतःचे चावरे श्वान असेल तरच खाणीत प्रवेश. तेव्हा त्या रोज पोळ्यांची टोपली घेऊन कोंडवाड्यात जाऊ लागल्या. तेथे मंगलाबाई सोनटक्के आधीच एका लुळ्या पिल्लास मांडीवर घेऊन बसलेल्या असत. काही महिन्यांनी त्या पिल्लाच्या मेंदूत मंगलाबाईंच्या नावे ठिणगी पडली. त्यांनी त्याची शेपटी मुद्दाम चिमटली, ते त्यांच्या अंगठ्याला डसले आणि त्या रक्ताळलेला अंगठा मिरवीत पतीकडे निघाल्या.

जाताना त्या थांबल्या. "बाईसाहेब, पोळीनं होत नाही ते. तुम्ही पोळी देता आणि हात मागं घेता. त्यांना कळतं."

नलिनीताई आता हात मागे घेत नाहीत. ज्या लुगड्याच्या पदराला ऋजुताचा वास होता, ते त्यांनी धुतलेले नाही, परंतु कोंडवाड्यातील एकाही श्वानाला त्या वासाची ओळख नाही. त्या पिंजऱ्यात हात घालून बसतात. पोळी संपली की कुत्री चावतात. त्यांच्या दोन्ही हातांवर दातांच्या खुणांना आता जागा उरलेली नाही. रोज सायंकाळी डॉक्टर तेंडोलकर चावलेल्या कुत्र्यास तारांची टोपी घालतात आणि ताई पडद्याकडे पाहत उभ्या राहतात.

रेघ अजून सपाट आहे.

वाचकहो, येथे ही कथा मी थांबवितो. माझे शिक्षण बेताचे असून विज्ञानविषयक वाचन मात्र मी आवडीने केलेले आहे. काही चुकले असल्यास थोर मनाने क्षमा करावी. आपण शेवटपर्यंत साथ दिलीत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
रंगनाथ बळवंत ढेबे