दहातली नऊ माणसं

या पोरींनो, सतरंजीवर जरा पुढं सरका. कीर्तनात बुवा आख्यान लावतात ना, तसं आज मी लावते. गोष्ट प्रेमाची आहे. पण देवानं ती रागातच घडवली.

फवारणीचं वीख अंगात भिनून कपाशीत माणसं दगावली, त्यानंतरचा हिवाळा. मुकुटबनजवळच्या एका शाळेत अनघा मॅडम भूगोल शिकवायची. शाळेच्या भिंतीवर देशोदेशीची लोकसंख्या रंगवायला अवधूत आला होता. घरची कपाशी, पण हाताला रंगाचा नाद. गावातले सगळे पुरुष तिला ‘भाऊ’. ह्याला मात्र ती ‘अहो पेंटर’ म्हणायची...

त्या सकाळी ती भिंतीपुढं थबकली.

“अहो पेंटर! चीन १३९० लाख? भारत १३४० लाख? पुस्तकात मिलियन आहे. एक मिलियन म्हणजे दहा लाख!”

“सगळ्यायचेच दहापट कमी झाले नं, मॅडम. चीन अजूनबी आपल्याहून मोठाच. कायले तापता?”

“दहातली नऊ माणसं पुसली तुम्ही!”

“लक्ष नव्हतं...” तो पुटपुटला. “उद्या वणीचे पाहुने येऊन राह्यले म्हने, तुम्हाले पाहाले. पोरगा नोकरीवाला हाय. कापूसवाल्याले कोन पोरगी देते?”

तिचे कान तापले. “विषय बदलू नका! एवढ्या मोठ्या जगात माणसं कमी झाली तर काय बिघडतं, असंच ना?”

ब्रश त्याच्या हातून गळाला.

“हेच... हेच म्हने तो चौकशीले आलेला साहेब. माह्या दादाच्या, डोमाजीच्या वक्ती. फवारता फवारता गेला तो. साहेब म्हने, एवढ्या लोकसंख्येत एखादा जातेच. मी गचांडी धरली होती त्याची — अन् आज मीच...”

अनघाचा सगळा संताप त्या न पाहिलेल्या साहेबाकडं वळला. डोळे भरले, तरी ओठ रागानं थरथरत होते. तिनं पदर खोचला, दुसरा ब्रश उचलला.

“प्रत्येक आकड्यावर शून्य चढवा. एक माणूस सुटायला नको!”

“अन् पाहुने?”

“पोहे खाऊन जातील. मी नाही म्हणणार आहे.”

“काहून?”

“काहून काय विचारता! तुमच्यासाठी... आणखी कुणासाठी!”

ती एवढ्या जोरात ओरडली, की वर्गातले पाढे थांबले.

वैशाखात लग्न लागलं. अक्षता मुठीत धरून अवधूतची आई मांडवभर कुणाला तरी शोधत राहिली...

पोरींनो, देवापुढं दिवा लावाल, तेव्हा डोमाजीला आठवा.