जपानी बाईचं दुसरं वाक्य

गाडी सुरू केली की बाई बोलायची. एकच वाक्य, रोज तेच, मंजुळ आवाजात आणि जपानीत. नैरोबीच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जपानमध्ये वापरून झालेल्या. त्या मोंबासा बंदरात उतरतात तेव्हा त्यांच्या पोटातल्या या बायाही त्यांच्याबरोबर उतरतात. त्या काय म्हणतात ते कोणाला कळत नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नाही. सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं, की बाई 'सांभाळून जा' म्हणत असणार. इतक्या गोड आवाजात दुसरं काय म्हणणार?

मुसेंबी तर तिला उत्तर द्यायचा. "असान्ते, बाई," असे तिचे आभार मानूनच तो गिअर टाकायचा.

"उठली वाटतं माझी सवत," शेजारच्या सीटवरून कावाटा म्हणायची. "मला कधी इतक्या प्रेमाने उत्तर दिलंस?"

"तू कधी इतकं थोडक्यात बोललीस?"

मंगळवारी आणि शुक्रवारी, पावणेसहाच्या सुमाराला, म्लोलोंगोच्या त्यांच्या अंगणात हे असं चालायचं. तीन वर्षांपूर्वी कावाटाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, सकाळी आठ वाजता, हॉस्पिटलातली डायलिसिसची एक खुर्ची तिच्या नावावर असायची. साडेआठपर्यंत पोचलं नाही, तर खुर्ची पुढच्या माणसाला जायची. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण ते मोंबासा रोडवरचं. तिथे ट्रकांच्या शेपटाला लागलं की माणूस दोन-दोन तास जागचा हलत नाही. गेल्या वर्षी दोनदा खुर्ची हुकली होती. दुसऱ्या वेळी कावाटाच्या छातीत पाणी भरलं. दोन दिवस तिला आडवं होता येईना, आणि मुसेंबी उशाशी बसून तिचा एकेक श्वास ऐकत राहिला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

मुसेंबी टॅक्सीवाला व्हायच्या आधी बावीस वर्षं लष्कराच्या सिग्नल विभागात होता. तारा ओढण्यात आणि जोडण्यात उमर गेलेली. तारेत वीज असली तर आवाज येतो, नसली तर येत नाही, एवढ्यावर त्याचा विश्वास होता. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की तो उठून चहा आणायला जायचा.

गाडीतली स्क्रीन म्हणजे त्याच्या लेखी शोभेची वस्तू होती. बाईच्या पोटात अख्खा जपान भरलेला, पण केनियाचा एक दगडसुद्धा नाही. त्यामुळे स्क्रीन कायम राखाडी. त्या राखाडीत मधोमध एक छोटा पांढरा बाण, म्हणजे आपली गाडी. ना रस्ता, ना गाव. कोपऱ्यात एक घड्याळ, तेही वीस मिनिटं पुढे.

आणि मग एका शुक्रवारी त्या राखाडीत लाल रेघ उमटली.

बाणाच्या थोडी पुढे, बोटभर लांब, किंचित वाकडी. मुसेंबीला वाटलं, स्क्रीन गेली. पण वीसेक मिनिटांनी विमानतळाच्या फाट्यापुढे गाडी तुंबली, आणि त्याने पाहिलं, तर बाण त्या लाल रेघेच्या बरोबर टोकाला टेकला होता. रस्त्याचं वळणही तसंच, रेघेइतकंच वाकडं.

मंगळवारी दोन रेघा आल्या. त्याने जरा घाबरतच मोंबासा रोडच्या गर्दीतून गाडी डावीकडे घेतली आणि औद्योगिक वसाहतीच्या आडवाटांनी काढली. नैरोबीकर या वाटांना उंदरांच्या वाटा म्हणतात. लाल रेघा उजव्या अंगाला सरकत गेल्या. साडेसातला ते हॉस्पिटलच्या दारात होते.

"आज काय उडत आलो का आपण?" कावाटाने विचारलं.

त्या रविवारी मुसेंबीने डॅशबोर्ड उघडला. बातमी कुठून येते ते तर कळायला हवं! अँटेनाची तार त्याला सापडली. ती बंदरावरच कोणीतरी सरळ कापलेली होती आणि तिच्या टोकाला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दुसरी तार नव्हतीच. तो बराच वेळ ते टोक हातात धरून बसला, आणि मग त्याने सगळे स्क्रू होते तसे पुन्हा लावून टाकले.

पण काय काम करायची बाई! मुसेंबीने आयुष्यात पुष्कळ यंत्रं हाताळली, असं चोख यंत्र पाहिलं नाही. जोगू रोडला एखादी मटाटू, म्हणजे खासगी मिनीबस, आडवी झालेली असली की स्क्रीनवर तिकडे रेघ आधीच असायची. न्यायो स्टेडियमच्या चौकात पोलिसाने हात दाखवून गाड्या अडवलेल्या असल्या की रेघ जाड असायची, सोडलेल्या असल्या की पातळ. रेडिओवर लोक फोन करून जॅम सांगत, तोवर तो फुटलेला असायचा. समोरून येणारे मटाटूवाले हाताने खुणा करत, पण त्यांना आपल्यापुरतंच माहीत. बाईला अख्ख्या शहराची नाडी कळत होती. आठ महिन्यांत कावाटाची खुर्ची एकदाही हुकली नाही. तिच्या पायांची सूज उतरली, ती भांडायला लागली, पुन्हा शिवणयंत्रावर बसायला लागली. मुसेंबी रोज मऊ फडक्याने स्क्रीन पुसायचा. कृतज्ञता म्हणतात ती हीच, असं त्याला वाटायचं, आणि तसं वाटण्याची त्याला लाजही वाटत नसे.

दोन घरं सोडून राहणारा ओगुटू, तोही टॅक्सीवाला, आधी चेष्टा करायचा. "म्हातारपणी दुसरी केलीस, तीही मुकी नव्हे, जपानी!" पुढे पुढे तोच गुपचूप फोन करायचा. "विचार ना तिला, थिका रोडचं काय म्हणणं आहे? आणि मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

ऑगस्टमध्ये विमानतळावर मुसेंबीच्या टॅक्सीत एक तरुण मुलगी बसली. चेबेत तिचं नाव, भूगर्भातल्या उष्णतेवर वीज काढणारी इंजिनिअर, चार वर्षं जपानात शिकून आलेली. गाडी सुरू झाली, बाई बोलली, मुसेंबीने आभार मानले. चेबेत हसली.

"काका, कोणाचे आभार मानताय?"

"तिचे. रोज सांभाळून जा म्हणते बिचारी."

"अहो, कसलं सांभाळून! ती म्हणतेय, कार्ड घातलेलं नाही. तिकडे टोलनाक्यावर लागतं. कार्ड गाडीत असलं की नाक्यावरचा दांडा आपोआप वर जातो. थांबायचंच नाही, सरळ पार व्हायचं."

मुसेंबीचा चेहराच उतरला. दोन वर्षं आपण एका तक्रारीचे आभार मानत होतो तर! या शहरात तेव्हा टोलनाका औषधालाही नव्हता. मग त्याने विचारलं, "आणि कार्ड घातलं तर काय म्हणते?"

चेबेतने ते वाक्य म्हणून दाखवलं. पहिल्यापेक्षा आखूड, शेवटी किंचित वर जाणारं. "म्हणजे, कार्ड स्वीकारलं आहे."

"पुन्हा म्हणा." सिग्नलवाल्याचा कान. दुसऱ्यांदा ऐकलेलं तो विसरत नसे.

तोवर तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं होतं. ती पुढे वाकली. "या रेघा... इथे कुठून येतायत?"

"माहीत नाही. पण बरोबर असतात. ते घड्याळ मात्र वीस मिनिटं पुढे धावतं."

"ते घड्याळ नाही, काका. ही बातमी किती वाजताची आहे, ते तिथे लिहिलेलं असतं."

दोघांनी डॅशबोर्डावरच्या खऱ्या घड्याळात पाहिलं. नऊ वीस. स्क्रीनच्या कोपऱ्यात नऊ चाळीस. चेबेत मागे टेकून बसली. उतरायचं होतं त्याच्या एक चौक आधीच ती उतरली.

मुसेंबीने हे कावाटाला सांगितलं नाही. नऊ चाळीसची असो की दहाची, बातमी खरी होती, आणि कावाटा श्वास घेत होती. त्याला तेवढं पुरे होतं.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी डायलिसिसच्या विभागातली वीज गेली, आणि कावाटाला अर्ध्यातच घरी पाठवलं. शनिवार-रविवारी तिचे डोळे सुजले. सोमवारी तिला उशीवर डोकं टेकता येईना. मंगळवारी मुसेंबीने तिला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं.

बाई म्हणाली, कार्ड घातलेलं नाही.

मोंबासा रोडवर बेलव्यूपाशी तेलाचा टँकर उलटला होता. सहा चाळीसला त्यांची गाडी ट्रकांच्या मध्ये अडकली ती अडकलीच. स्क्रीनवर तोपर्यंत त्याने कधी पाहिलं नव्हतं असं झालं होतं: लाल नाही असा कोपराच उरला नव्हता. डावीकडे लाल, उजवीकडे लाल, उंदरांच्या सगळ्या वाटा लाल.

सव्वासात झाले. कावाटाच्या ओठांचा रंग जांभळट दिसायला लागला. तिच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता.

"म्बिथेला फोन कर," ती म्हणाली. म्बिथे त्यांची मुलगी, किसुमूला दिलेली. "घाबरवू नकोस तिला. नुसता आवाज ऐकव."

मुसेंबीने फोन नाही काढला. त्याने स्क्रीनवर तळहात ठेवला. काच गरम होती.

"बाई," तो म्हणाला, "कार्ड नाही माझ्याकडे. पण जे काय लागतं, ते माझ्याकडून घे. हिला पार होऊ दे."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचंच हसू आलं असतं, पण तेवढ्यात लाल रंग मधोमध फाटला.

केसाएवढी राखाडी फट. बाणाच्या डावीकडून निघालेली. मुसेंबीने तिकडे पाहिलं, तर एका गोदामाचं फाटक होतं. बंद असतं ते नेहमी. त्याचा आडवा दांडा वर जात होता.

त्याने गाडी आत घातली.

गोदामातून मागच्या अंगणात. अंगणातून बिस्किटांच्या कारखान्यात. प्रत्येक फाटकावर पहारेकरी होता, आणि प्रत्येक पहारेकरी पाठ फिरवून उभा होता. दांडा गाडी यायच्या आधीच वर जायचा. कोणी विचारलं नाही, कोणी वळूनही पाहिलं नाही. सात फाटकं. एकदाही ब्रेकवर पाय द्यावा लागला नाही.

सात बावन्नला ते हॉस्पिटलात होते.

संध्याकाळी कावाटाचा श्वास मोकळा चालत होता. गाडीत बसताना तिने विचारलं, "सकाळी तू तिला काय सांगत होतास?"

"लवकर ने म्हटलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही."

तेही खरंच होतं. त्या संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा बाई बोलली नाही. बुधवारी बोलली नाही. गुरुवारीही नाही. मुसेंबीने तरीही सवयीने स्क्रीन पुसली.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला त्याने गाडीबाहेर उभं राहून कावाटाची शाल नीट केली, तिचा चहाचा थर्मास मागच्या सीटवर ठेवला, आत येऊन किल्ली फिरवली.

बाई बोलली.

आखूड वाक्य. शेवटी किंचित वर जाणारं.

"असान्ते, बाई," मुसेंबीच्या तोंडून निघून गेलं.

"आज काहीतरी निराळंच म्हणाली की सवत," कावाटा म्हणाली.

मुसेंबी स्क्रीनकडे बघत होता. बाहेर मोंबासा रोडवरच्या वजनकाट्यापाशी ट्रकांची रांग लागलेली होती, भोंगे ऐकू येत होते. स्क्रीनवर एकही लाल रेघ नव्हती. सगळीकडे नितळ राखाडी. कोपऱ्यात सहा दहा.

"रस्ता मोकळा आहे म्हणाली," तो म्हणाला. "पण तू आज ओगुटूबरोबर जा. माझा ब्रेक लागत नाहीये नीट."

"काल तर लागत होता."

"ऐक गं म्बिथेच्या आई. एकदा तरी वाद न घालता ऐक."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खरोखरच वाद घातला नाही. ओगुटू डोळे चोळत गाडी घेऊन आला. मुसेंबीने त्याला सांगितलं, एंटरप्राइज रोडने काढ, मग गोदामांच्या मागून.

"आठ महिने तुझंच ऐकतोय मी," ओगुटू म्हणाला. "पाठ झालंय सगळं. झोपेतसुद्धा नेईन वहिनीला."

"दर खेपेला नेशील?"

"नेईन की. का, तू कुठे चाललायस?"

मुसेंबी हसला. कावाटाने खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा गाल धरला. तिचा हात उबदार होता, सूज अजिबात नव्हती. एवढा एक हात पाहण्यासाठी काहीही दिलं असतं, आणि दिलंच आहे, असं त्याच्या मनात आलं. सौदा त्याने आपण होऊन केला होता. बाईने तो पाळला होता.

"दुपारी ये मला न्यायला," ती म्हणाली.

ओगुटूची गाडी वळणाआड दिसेनाशी झाल्यावर मुसेंबी परत आपल्या गाडीत येऊन बसला. इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिशात ठेवली. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

स्क्रीन मात्र विझली नाही.

डॅशबोर्डावरच्या घड्याळात सहा नऊ झाले. मग सहा दहा.

अंगणात गाडी जागच्या जागी उभी होती. स्क्रीनवरचा पांढरा बाण अलगद पुढे निघाला होता, आणि कुठेच थांबत नव्हता.